प्रवासाचं कारण

पोलिसाने हात केला तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं, सीटचा पट्टा लावलेला नाही. पट्टा लावलेला होता. मग वाटलं, मागचा दिवा गेला असेल, गाडीचा एखादा कागद जुना झाला असेल, काहीतरी असेलच. गणवेशातल्या माणसाने हात केला की स्वतःची चूक हुडकायला लागायचं, हा तिचा जन्माचा स्वभाव. गाडी कडेला घेतल्यावर तिला रस्त्यावर मांडलेले नारिंगी शंकू दिसले, घडीचं टेबल दिसलं, मोठी छत्री दिसली, आणि छत्रीवर आपल्याच कार्यालयाचं चिन्ह दिसलं. म्हणजे ही आपलीच पाहणी. हा महामार्ग सुधारायचा, तर आधी त्यावरून जाणाऱ्यांना थांबवून विचारायचं की बाबांनो, कुठून आलात, कुठे चाललात आणि कशासाठी. त्यावरून ठरणार रस्ता किती रुंद हवा, घाटातली वळणं सरळ करायची की डोंगरातून बोगदा काढायचा. गाड्या थांबवायच्या जागा तिनेच नकाशावर टाचण्या टोचून ठरवल्या होत्या. वारसुद्धा तिनेच ठरवले होते, आणि रविवार हवाच म्हणून बैठकीत भांडली होती. पण त्या रविवारी आपण स्वतःच एका टाचणीखाली सापडू, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

मोठ्या टोपीची, चाळिशी ओलांडलेली एक बाई खिडकीशी वाकली. पाहणीसाठी रोजंदारीवर घेतलेल्यांपैकी असावी. ती हिला ओळखत नव्हती.

"दोनच मिनिटं घेते हं तुमची. कुठून निघालात?"

तिने शहर सांगितलं.

"आणि चाललात कुठे?"

खरं उत्तर असं होतं की कुठेच नाही. गेलं वर्षभर ती दर रविवारी सकाळी अंघोळ करून, नीट कपडे करून, या रस्त्याने घाटाच्या पायथ्यापर्यंत जात होती. पायथ्याशी एक पेट्रोल पंप होता, पंपाच्या मागे चहाची खोली होती. तिथे ती एक चहा घ्यायची आणि परत फिरायची. यात सांगण्यासारखं काही नव्हतं आणि लपवण्यासारखंही नव्हतं. शनिवारी संध्याकाळी कुलूप उघडून घरात शिरलं की सोमवारी सकाळी ऑफिसच्या दारात रखवालदार "या मॅडम" म्हणेपर्यंत तिच्याशी कुणी एक शब्द बोलत नसे, म्हणून ती चहा प्यायला इतक्या लांब जात होती. पंपावरचा माणूस "फुल्ल करू का?" विचारायचा. टाकी भरलेली असली तरी ते ऐकायला बरं वाटायचं. पण हे आता या टोपीवालीला कसं सांगायचं? प्रवासाच्या कारणांची यादी तिच्याच हातची होती: काम, शिक्षण, दवाखाना, खरेदी, नातेवाइकांची भेट, इतर. तिच्या हाताखालच्या मुलाने, ज्याला सगळं ऑफिस गणिती म्हणतं त्याने, यादीत 'सहज, फिरायला' असंही घातलं होतं. तिने ते खोडलं होतं. "त्या रस्त्यावर सहज कोण जातं रे? पाठीचा मणका काय फुकट आलाय?" ती म्हणाली होती आणि सगळे हसले होते. राहता राहिलं 'इतर'. पण 'इतर' म्हणणाऱ्याकडून खुलासा घ्यायचाच, हा नियमही तिनेच लावून धरला होता.

"बहिणीकडे," ती म्हणाली, आणि घाटापलीकडच्या एका गावाचं नाव सांगितलं.

"अरे वा. कितींदा जाणं होतं?"

"दर रविवारी."

टोपीवालीने हातातल्या पडद्यावर बोट टेकवलं, मग पुन्हा टेकवलं. "नशीबवान आहे हो तुमची बहीण. माझी एक आहे, पलीकडच्या गल्लीत राहते, पण वर्षवर्ष तोंड दिसत नाही तिचं. जा, सावकाश जा. घाटात खड्डे आहेत."

ती निघाली खरी, पण तिची पंचाईत झाली. नेहमीसारखा चहा घेऊन तासाभरात परत फिरलं, तर टोपीवाली रस्त्यापलीकडून बघणार. बहीण म्हणजे काय पेट्रोल पंपावर राहते? पाहणी दुपारपर्यंत चालणार हे तिच्याइतकं कुणाला माहीत. मग ती चहाच्या खोलीत बसून राहिली. एकामागून एक चहा झाले. टेबलावरचं मेणकापड एका कोपऱ्यात जळलेलं होतं, त्याच्या कडेवरून ती बोट फिरवत राहिली. खिडकीतून घाटाचा पहिला टप्पा दिसत होता, ट्रक रांगत वर चढत होते आणि वळणावर एकेक नाहीसे होत होते. आपण पन्नाशीची, हाताखाली बारा माणसं असलेली बाई, एका अनोळखी बाईला खोटं सांगितलं म्हणून इथे दडून बसलोय, हे तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं. मग ते हसू सांगायला कुणी नाही हे लक्षात आलं आणि ते तोंडावरच विरलं.

बहीण मात्र खोटी नव्हती. घाटापलीकडच्या गावात ताई होती, अगदी खरी, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी या रस्त्यावरून दोघी आईबरोबर बसने जायच्या तेव्हा वळणं सुरू झाली की हिच्या पोटात ढवळायला लागायचं, आणि ताई खिडकी उघडून, एका हाताने हिचं कपाळ धरून, दुसऱ्या हाताने वेणी मागे ओढून धरायची. ओकून झालं की ताईच्या दंडावर डोकं ठेवून ही झोपायची. रस्त्याचं काम शिकायला लागल्यावर वर्गात वळणांची त्रिज्या काढायला शिकवली, तेव्हाही हिला आधी ताईच्या तळहाताचा घामट वास आठवला होता. ताई लग्न होऊन नेमकी घाटापलीकडे गेली. भावजी तिथल्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात. पुढे आईही ताईकडेच राहायला गेली, आणि शेवटची चार वर्षं ही दर महिन्याला जात राहिली. साडेतीन तासांचा रस्ता. अंधारात घाट उतरायची हिची छाती नव्हती, म्हणून मुक्काम ठरलेला. भावजींची रात्रपाळी असायची. आईला झोपवून दोघी बहिणी स्वयंपाकघरात जमिनीवर बसायच्या आणि कुणाकुणाच्या नकला करत तोंडात पदर कोंबून हसायच्या. आई गेली. महिनाभर माणसांची ये-जा होती, मग तीही सरली. पुढच्या महिन्यात ही जायला निघणार तर ताई फोनवर म्हणाली, "रस्ता फार वाईट झालाय गं. नको एवढी धडपड करूस." ही म्हणाली, "हो ना, रस्ता झाला की येते." त्याला आता तीन वर्षं झाली होती. दर पंधरा दिवसांनी फोन व्हायचा आणि दर फोनमध्ये रस्ता यायचा. भावजी मागून ओरडायचे, "मेहुणीबाई रस्ता घेऊन निघाल्यात म्हणे! कुठपर्यंत पोचल्या?" सगळे हसायचे. फोन ठेवला की तिच्या मनात तेच यायचं: ताई आपल्याला जपते आहे, की टाळते आहे? आईच्या निमित्ताने येणारी एक पाहुणी कमी झाली म्हणून तिला हायसं वाटलं असेल का? एवढं सोपं विचारायचं, ते तीन वर्षांत जमलं नव्हतं, कारण मध्ये रस्ता होता आणि तो कुणाच्याही बोलण्यात बसत होता. आणि आता तो रस्ता तिच्याच हातून व्हायचा होता. घाट जाणार, बोगदा येणार, साडेतीन तासांचे दीड तास होणार. मग कारण सांगायला रस्ता उरणार नव्हता. मग जे काय असेल ते उघडं पडणार होतं.

पाहणीचे आकडे हातात आले त्या दिवशी गणिती नाचतच तिच्या खोलीत आला. हुशार मुलगा, बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध आकड्यांमधून यायचा आणि त्यातच तो खूश असायचा.

"मॅडम, रविवार बघा. नातेवाइकांची भेट! मला वाटायचं आजकाल कुणी कुणाकडे जातच नाही. इथे तर झुंबड आहे."

त्याने पडद्यावर रेघ दाखवली. शहरापासून घाटापलीकडच्या गावापर्यंत पिवळी, चांगली जाड रेघ. ती बघत राहिली. या कामाची रीतच अशी आहे की सगळ्या गाड्या थांबवता येत नाहीत. थोड्यांना विचारायचं आणि त्यांचं उत्तर न थांबलेल्यांच्याही नावावर चढवायचं. रविवारी माणसं कमी लावलेली, गाड्या थोड्याच थांबवलेल्या, त्यामुळे एकेका उत्तरावर मोठा गुणक बसलेला. त्या गावाला जाणारी, दर आठवड्याला भेटीला जाणारी एकटी बाई एकच होती. गुणकाने तिच्या चाळीस झाल्या होत्या. चाळीस बायका दर रविवारी नीट कपडे करून घाट ओलांडत होत्या. चाळीस दारं उघडत होती, चाळीस ताया "आलीस?" म्हणत होत्या. ती रेघ तिला बघवेना. नाहीतरी रस्ता ठरणार होता तो ट्रकांवर. भेटीगाठींवर कुठले रस्ते रुंद होतात? पण मोठ्या साहेबांना ती पिवळी रेघ भारी आवडली. सोमवारी मंजुरीची बैठक होती, आणि तिथे शेवटी हीच दाखवायची असं त्यांनी ठरवून टाकलं. "लोकांना माणसं भेटायचीत, असं म्हणा तुम्ही. तुमच्या तोंडी शोभेल," ते म्हणाले.

ती नोंद खोटी आहे, काढून टाक, एवढंच तिला गणितीला सांगायचं होतं. ती दोनदा त्याच्या टेबलाशी गेली. पण तो विचारणार, तुम्हाला कसं कळलं? आणि मग रविवारचं सगळं सांगावं लागणार: पंप, चहा, ते जळकं मेणकापड. तो वाईट मुलगा नव्हता, त्याने कुणाला सांगितलंही नसतं. पण त्याच्या डोळ्यांत जी दया आली असती तिच्यासमोर रोज बसायचं तिला जमलं नसतं. शुक्रवारी घरी, एका ताटलीत जेवून ती ताटली धूत असताना तिच्या मनात आलं की नोंद चुकली तर दोन उपाय असतात. एक, नोंद बदलणे. दुसरा कुठल्याच पुस्तकात नव्हता, पण तोही होता: जे घडत नाही ते घडवून आणणे. ताईला आधी फोन करायचा नाही, एवढं मात्र तिने ठरवलं. फोन केला की ताई रस्त्याचं नाव काढणार.

रविवारी ती पंपावर थांबली नाही. घाटात खड्डे होते, टोपीवालीने सांगितलं तसेच, आणि एकेका वळणावर तिला त्याचा नंबर आठवत होता, कारण कागदावर या सगळ्या वळणांना तिने नंबर दिले होते आणि बहुतेकांपुढे फुली मारली होती. वरच्या टप्प्यात एका ट्रकमागे तासभर अडकली. बहिणीकडेच तर चाललो आहोत, मुलाखतीला नाही, असं ती स्वतःला बजावत होती. गावात शिरल्यावर ती ताईची गल्ली चुकली. कोपऱ्यावरचं दुकान पाडून तिथे दुमजली इमारत उभी राहिली होती. दारासमोर गाडी लावून ती तशीच बसली. दाराला नवा रंग दिला होता, हिरवा. फोनवर ताई कधी बोलली नव्हती रंगाचं. आणि का बोलेल?

दार उघडणारी ताई जाड झाली होती, आणि डाव्या पायावर भार न देता उभी होती. तिने बहिणीला बघितलं आणि चौकट धरली.

"कोण गेलं?" ताईने विचारलं.

"कुणी नाही गं."

"मग? तुझ्या तब्येतीला काही झालंय का? खरं सांग."

"काही नाही झालं. आले, बस्स."

"या रस्त्याने?" ताई म्हणाली. मग दारातून बाजूला झाली. "जेवली नसशील. हात धू, भात टाकते."

भावजी जेवून आडवे झाले होते, ते उठून बसले. "आल्या! रस्ता कुठे ठेवलात, बाहेर?" म्हणून हसले, पण त्यांचंही हसू थोडं जपूनच होतं. दोघंही तिच्याकडे असे बघत होते, जणू ती काही वाईट बातमी पोटात घेऊन आली आहे आणि जेवण झाल्यावर सांगणार आहे. ती जेवली. ताईच्या हाताची चव तशीच होती, हे तिला सांगायचं होतं, पण तिने सांगितलं गुडघ्याला कुठलं तेल चांगलं ते. आईची खाट होती तिथे आता शिवणयंत्र होतं. चारच्या सुमारास भावजी डबा घेऊन पंपघरावर गेले. बाहेर उन्हं कलायला लागली. आता निघालं तरच घाट उजेडात उतरणार होता; सकाळी दहाला बैठक, पिवळी रेघ, साहेब. ती उठायला लागली तर ताई कपाट उघडून गादीवरची चादर काढत होती.

"अगं ताई, मला निघायला हवं. उद्या मंजुरी आहे रस्त्याची. मलाच मांडायचंय."

ताईचा हात चादरीवर थांबला. "रस्त्याची? म्हणजे खरंच होतोय का तो?"

"होतोय. बोगदा होणार. दीड तासात पोचेन मी इथे." ती भराभरा बोलायला लागली, जणू बैठक इथेच होती. "सकाळी चहा घेऊन निघाले की तुझ्याकडे जेवायला. केव्हाही यायचं. मग रस्त्याचं कारणच नाही."

"हो," ताई म्हणाली. "आणि संध्याकाळी घरी परत. तेही जमेल."

ताईने चादर पुन्हा घडीवर घडी करून मांडीवर ठेवली आणि पलंगाच्या कडेवर बसली. दुखरा पाय तिने लांब केला.

"घाट होता म्हणून तू राहायचीस," ती म्हणाली. "आईसाठी यायचीस, ते ठीकच. पण घाट होता म्हणून राहायचीस. हे तिकडे रात्रपाळीला. मी महिनाभर बोलायचं साठवून ठेवायचे. आई गेल्यावर म्हटलं, आता कुठल्या तोंडाने बोलावू? हिला तिथे एवढी कामं, माझ्यासाठी कशाला अडकवायची. म्हणून म्हणत राहिले, रस्ता वाईट आहे, रस्ता वाईट आहे. तू एकदा तरी म्हणशील, असू दे वाईट, असं वाटायचं मला."

ती उभीच होती. इतकी वर्षं तिने रस्त्यांवर वाचलेल्या वेळेचे हिशोब केले होते. दोन तास वाचले की ते लाभाच्या बाजूला मांडायचे, आणि अंधार पडला म्हणून कुणाच्या तरी स्वयंपाकघरात काढलेली रात्र मांडायला जागाच नव्हती, कारण ती कुणी कधी मागितली नव्हती. आपलं ओझं नको म्हणून तीन वर्षं दोघी एकमेकींना सोडवत राहिल्या होत्या. तिला ताईचा राग आला, स्वतःचा आला. पुढे होऊन ताईच्या गळ्यात पडावं असं वाटलं, पण गळ्यात पडायची सवय मोडली होती. त्यापेक्षा फोन करणं सोपं होतं.

"उद्या तू मांड," तिने गणितीला सांगितलं. "आणि रविवारची पिवळी रेघ काढून टाक. त्या गावाची. ती नोंद माझी होती, आणि खोटी होती."

"मॅडम, तुम्ही... साहेबांना काय सांगू?"

"सांग, बहिणीकडे आहे. मुक्काम आहे." आणि तिने फोन ठेवला.

ताईने सगळं ऐकलं होतं. ती उठली, लंगडत कपाटापाशी गेली, गादी ओढून खाली घातली, हिने दुसरं टोक धरलं. चादर झटकली, चार कोपरे नीट केले. दोघींनी ते काम अगदी मन लावून केलं, त्यात एवढं मन लावण्यासारखं काही नसताना. मग ताई कपाटात डोकं घालून, पाठमोरी म्हणाली:

"तुला उशी एक लागते की दोन?"

आवाज आतिथ्याचा होता, पाहुण्याला विचारतात तसा, आपुलकीचा आणि जरा अवघडलेला. ताईला खरोखरच आठवत नव्हतं.

"एक," ती म्हणाली, आणि तिला इतकं रडू आलं की ती खाली गादीवर बसली. ताई उशी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिली, आणि पुढे यावं की येऊ नये हे तिला कळत नव्हतं.